माझं काय? बारूखचा प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर

आज खरं तर यिर्मयाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घ्यायचा ठरलं होतं. पहिला आपण मागच्या वेळी संपवला. पण आज आपण मधले सगळे अध्याय ओलांडून एकदम 45 व्या अध्यायावर जाणार आहोत. त्याचं कारण आधी सांगतो, कारण त्यात आमची एक चूक आहे.

मागच्या व्याख्यानानंतर खुर्च्या आवरल्या जात होत्या, तेव्हा एक ताई थांबल्या. वडील चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. ताईंनी नोकरी सोडली, लग्नाचा विषय मागे पडला. त्या म्हणाल्या, "सगळे सांगतात की हे देवाने सोपवलेलं काम आहे, ते मनापासून कर. मी करते. पण माझं काय?" घाई होती, हॉलची वेळ संपत आली होती, आणि आम्ही पटकन म्हणून टाकलं, "ताई, देवाचा हेतू आधी, आपण नंतर." त्यांनी मान हलवली आणि त्या निघाल्या. ती मान पटलं म्हणून हलली नव्हती, हे आम्हाला बसमध्ये बसल्यावर कळलं.

वाक्य चुकीचं होतं असं नाही. पण अर्धवट होतं. ज्या माणसाला पवित्र शास्त्रात हे उत्तर अगदी तोंडावर मिळालं, त्याला ते कसं मिळालं, केव्हा मिळालं आणि त्यासोबत आणखी काय मिळालं, हे पाहिल्याशिवाय ते वाक्य कोणाच्या हातात देऊ नये. तो माणूस म्हणजे बारूख.

यिर्मयाचं पुस्तक 52 अध्यायांचं. त्यातला 45 वा अध्याय फक्त पाच वचनांचा. पान उलटताना निसटून जावा इतका लहान. बारूख हा नेरीयाचा मुलगा, यिर्मयाचा लेखनिक. संदेष्टा बोलायचा आणि हा शाईने लिहून घ्यायचा. आता "लेखनिक" म्हटलं की आपल्याला कचेरीत खाली मान घालून बसलेला कारकून दिसतो. बारूख तसा नव्हता. तेव्हा लिहिता येणं हीच मोठी गोष्ट, आणि घराणंही दरबारातलं होतं. त्याचा सख्खा भाऊ सराया पुढे सिद्कीया राजाच्या पदरी अधिकारी होता. म्हणजे बारूखच्या वयाच्या, त्याच्या शिक्षणाच्या माणसासमोर रस्ता सरळ होता: राजवाड्यात चिटणीस व्हायचं, मान मिळवायचा. आणि हा बसला कोणाजवळ? ज्याला मंदिरात पाऊल टाकायला मनाई होती, त्या यिर्मयाजवळ.

साल लक्षात घ्या. अध्यायाच्या पहिल्याच वचनात ते दिलंय: यहोयाकीम राजाचं चौथं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 605. त्याच वर्षी कर्कमीशच्या लढाईत बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मिसरच्या फौजेचा धुव्वा उडवला. यहूदाचा राजा मिसरच्या आधारावर गादीवर बसलेला, आणि तो आधारच गेला. सगळ्या जगाची घडी विस्कटत होती. अशा वर्षात बारूखला एक मोठं काम मिळालं: तोवरच्या वीस-बावीस वर्षांतले यिर्मयाचे सगळे संदेश एका गुंडाळीवर उतरवायचे. आणि ते संदेश गोड नव्हते हो. नगर पडणार, राजवाडा जाणार, ज्या दरबारात आपल्याला जागा मिळाली असती तो दरबारच उरणार नाही, हे स्वतःच्या हाताने एकेक अक्षर करत लिहायचं.

तिथे बारूख कण्हला. त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं तर असं: दुःख काय कमी होतं, त्यात देवाने आणखी भर घातली, कण्हून कण्हून थकलो, विसावा म्हणून कुठे नाही. बस, इतकंच. अगदी आपल्या घरातलं वाक्य वाटतं की नाही?

आता उत्तर. इथे आपण जरा रेंगाळू, कारण सगळा अर्थ इथेच आहे.

देव आधी बारूखविषयी बोलतच नाही. तो स्वतःविषयी बोलतो. जे मी बांधलं ते मी मोडतोय, जे मी लावलं ते मी उपटतोय, आणि हे सगळ्या देशाचं होणार आहे, अशा अर्थाचं. ही क्रियापदं ओळखीची वाटतात? मागच्या वेळी फळ्यावर लिहिली होती आपण. यिर्मयाच्या पाचारणात, पहिल्या अध्यायाच्या दहाव्या वचनात, हीच येतात: उपटणं, मोडणं, बांधणं, लावणं. पुढे 31 व्या अध्यायात पुन्हा येतात, तिथे क्रम असा की मोडून झालं, आता बांधणं आणि लावणं. म्हणजे "देवाचा हेतू" हा शब्द आपण हवेत वापरतो, तसा तो या पुस्तकात हवेत नाही. तो या चार-पाच क्रियापदांत आहे. त्याला आरंभ आहे, मधला भाग आहे, शेवट आहे. बारूखच्या वाट्याला मधला भाग आला, मोडण्याचा. यात त्याचा दोष नव्हता आणि त्याची निवडही नव्हती.

आणि बघा, मोडणारा कोण आहे? ज्याने बांधलं तोच. परक्याचं घर पाडताना कोणाला काही वाटत नाही. स्वतः लावलेलं झाड तोडताना हात थरथरतो. बारूख म्हणतो मला दुःख आहे. देव त्याला म्हणत नाही की तुझं दुःख खोटं आहे. तो म्हणतो, या पडझडीत माझंही काही जातंय. आम्हाला हे उत्तर दटावणीपेक्षा एकमेकांशेजारी बसून बोलल्यासारखं जास्त वाटतं. इतर कोणी वेगळं वाचेल, वाचू दे.

मग येतो तो प्रश्न: तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस का? शोधू नकोस.

मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना हे चटकन कळेल. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, करार झाला, जागा रिकामी करण्याची नोटीस लागली, आणि तिसऱ्या मजल्यावर एक जण आपल्या घरात नवी महागडी फरशी बसवतोय. फरशी बसवणं पाप आहे का? नाही. पण इमारतच उतरवायची आहे ना. त्याची मेहनत वाया जाणार, आणि त्या नादात सामान बांधायचं, म्हाताऱ्या आईला हलवायचं राहून जाणार. देव बारूखला जे सांगतो त्यात हा व्यवहार आहे. यरुशलेमच्या दरबारात मोठं होण्याचे दिवस संपले. इ.स.पू. 597 मध्ये नगर शरण गेलं, आणखी दहा-अकरा वर्षांनी जळालं. 605 मध्ये जो कोणी तिथे स्वतःचं मोठेपण रचत होता, तो पाडायच्या इमारतीत फरशी बसवत होता.

आता एक बारीक गोष्ट, आणि त्या दिवशी आमचं उत्तर इथेच घसरलं. बारूखने तक्रार केली कशाची? विसाव्याची. देवाने मनाई केली कशाला? मोठमोठ्या गोष्टींना. या दोन गोष्टी एक नाहीत! विसावा मागितला म्हणून देव त्याला स्वार्थी म्हणत नाही. तो त्या कण्हण्याच्या आड जे दडलं होतं, त्याच्यावर बोट ठेवतो. थकवा खरा होता, पण थकव्याखाली एक न मिळालेली खुर्चीही होती. ती देवाने पाहिली. त्यामुळे रात्र रात्र जागणाऱ्या माणसाने एक रात्र झोप मागितली, तर त्याला "स्वतःचा विचार करू नकोस" म्हणून हे वचन ऐकवणं म्हणजे वचनाचा अर्थ उलटा करणं. आपल्याकडे ते सर्रास केलं जातं. विशेषतः सुनांना, मुलींना, आणि पगार थकलेल्या सेवकांना.

दुसरं, हे बारूखला कोण म्हणालं? शेजारी नाही, नातेवाईक नाहीत, ज्यांचं काम बारूखमुळे सोपं झालं असतं असं कोणी नाही. देव म्हणाला, आणि यिर्मयाच्या तोंडून म्हणाला, जो स्वतः त्याच हालात होता. दुसऱ्याच्या त्यागावर ज्याचं घर नीट चालतं, त्याने त्यागाचं प्रवचन देऊ नये.

आणि शेवटी बारूखला काहीतरी दिलंही आहे. सगळ्यांवर संकट येणार, पण तू जाशील तिथे तुझा जीव तुला लूट म्हणून देईन. "लूट" हा शब्द मजेशीर आहे. लढाई जिंकलेला सैनिक लूट घेऊन घरी येतो. हरलेला काय घेऊन येतो? जीव वाचला, तीच लूट. यिर्मया हाच शब्द नगराबाहेर पडून खास्द्यांना शरण जाणाऱ्यांविषयी वापरतो, आणि एबद-मलेखविषयीही, त्या कूशी माणसाविषयी, ज्याने यिर्मयाला चिखलाच्या हौदातून वर काढलं. म्हणजे हेतू आधी म्हणताना देवाने बारूखला पुसून टाकलं नाही. खुर्ची दिली नाही, माणूस राखला.

उत्तर आधी मिळालं, परीक्षा नंतर आली. ती 36 व्या अध्यायात आहे.

पुढच्या वर्षी नवव्या महिन्यात उपासाचा दिवस जाहीर झाला. इ.स.पू. 604 ची थंडी. बाबेलची एक बखर मातीच्या पाटीवर मिळाली आहे, त्यावरून कळतं की साधारण त्याच महिन्यात नबुखद्नेस्सराने अष्कलोन घेतलं. अष्कलोन यरुशलेमपासून फार लांब नाही. लोक घाबरून मंदिरात जमले होते. यिर्मयाला जाता येत नव्हतं, म्हणून बारूख गेला, आणि शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीतून त्याने ती गुंडाळी मोठ्याने वाचली. मग सरदारांनी त्याला बोलावून पुन्हा वाचायला लावली. ते दचकले. त्यांनी विचारलं, हे तू लिहिलंस कसं? तो म्हणाला, त्यांनी सांगितलं, मी शाईने लिहिलं. सगळ्या पुस्तकात बारूखच्या तोंडचं हे सर्वांत साधं बोलणं आहे. श्रेय घेतलं नाही, अंगही झटकलं नाही.

सरदारांनी त्याला लपायला सांगितलं आणि गुंडाळी राजाकडे नेली. राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा तुकडा चिटणिसाच्या चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असं करत करत सगळी गुंडाळी संपली. चाकू कोणाचा, ते बघा: लेखणी तासायचा, म्हणजे बारूखच्याच धंद्यातला. कितीतरी दिवसांची मेहनत एका बैठकीत राख झाली, आणि वर दोघांना पकडण्याचा हुकूम सुटला. पण ते सापडले नाहीत. पुस्तक म्हणतं, देवाने त्यांना लपवलं. विसावा नाही म्हणणाऱ्याला इथे आसरा मिळालेला दिसतो.

मग काय? मग पुन्हा पहिल्यापासून. दुसरी गुंडाळी, तेच शब्द, आणि त्यात आणखी भर. या वेळी बारूख काय म्हणाला ते नोंदलेलं नाही. तो लिहीत बसला, एवढं आहे.

गमऱ्याचं नाव घेतलं म्हणून एक जोड देतो. 1982 मध्ये यरुशलेमच्या दावीदनगर भागात यिगाल शिलो यांच्या उत्खननात मातीचे पन्नासेक शिक्के एकाच घरात सापडले. कागदपत्रांना दोरी बांधून तिच्यावर चिकणमातीचा गोळा दाबून मुद्रा उमटवत, ते हे गोळे. त्यांतल्या एकावर शाफानचा मुलगा गमर्याहू हे नाव आहे. कागद केव्हाच जळून गेले. पण बाबेलच्या फौजेने नगराला लावलेल्या आगीत माती भाजून पक्की झाली, म्हणून शिक्के टिकले. बारूखच्या नावाचे दोन शिक्केही दाखवले जातात, पण ते उत्खननात मिळालेले नाहीत, पुराणवस्तूंच्या बाजारातून आले, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते बनावट आहेत. व्हॉट्सॅपवर फोटो आला तर लगेच पुढे पाठवू नका.

अजून एक प्रश्न उरतो. 45 वा अध्याय इ.स.पू. 605 चा, तर तो नगर पडल्यानंतरच्या, मिसरमधल्या हकिगतींच्या मागे का आलाय? जुन्या ग्रीक भाषांतरात तर तो आणखी मागे, जवळजवळ पुस्तकाच्या टोकाला आहे. बरेच जण मानतात की ही जणू लेखनिकाची सही आहे. पत्र संपल्यावर खाली नाव लिहावं तशी. आणि सहीच्या जागी त्याने काय ठेवलं? स्वतःचं रडगाणं आणि त्यावर ऐकावं लागलेलं. लेखणी त्याच्याच हातात होती. त्याला हा भाग गाळता आला असता, कोणाला कळलंही नसतं. ज्याला स्वतःसाठी मोठं काही हवं होतं, त्याने स्वतःविषयी एवढंच राहू दिलं.

ही पाच वचनं मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत, आणि इथे त्यांचं नाव आम्ही मुद्दाम घेतोय. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला. 1896-97 च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या. ऐकू कमी येत होतं. मजकूर आश्रमाच्याच छापखान्यात, तिथल्याच मुली-बायकांच्या हातून जुळवला जायचा. जिच्यावर सगळं सोपवायचं होतं ती मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात बाहेर पडलं. बारूखच्या तक्रारीपाशी पोचल्यावर त्यांची लेखणी थांबली असेल का, हे आपण फक्त मनात आणू शकतो. पण तक्रार समजायला त्यांना शब्दकोशाची गरज पडली नसावी.

तर त्या ताई. आज त्या आल्या आहेत की नाही, मागे अंधार आहे, दिसत नाही. आल्या असतील तर त्या दिवशीचं उत्तर आम्ही दुरुस्त करून देतो. वडिलांचं करणं हे या घडीला तुमच्यापुढे आलेलं काम आहे, हे तुम्ही स्वतः म्हणता, तर ते आम्ही नाकारत नाही. तुमच्या मनातली जी मोठी गोष्ट या वर्षांत होणार नाही, तिचं नाव देवापुढे स्पष्ट घ्या. नुसतं "थकले" म्हणून थांबू नका. ती आज बाजूला ठेवावी लागेल कदाचित. पण झोप, औषधाला लागणारे पैसे, आठवड्यातून एक मोकळी दुपार, या मोठमोठ्या गोष्टींत मोडत नाहीत. त्या मागा. आणि घरात भाऊ असेल तर तो कुठे आहे, हेही विचारा. बारूखचा भाऊ सराया राजाबरोबर बाबेलला निघाला, तेव्हा यिर्मयाने त्याच्याही हातात एक गुंडाळी दिली होती: तिथे वाच आणि दगड बांधून फरात नदीत टाक. काम एकट्या बारूखच्या गळ्यात नव्हतं.

बारूख पुढे कुठे भेटतो? सतरा-अठरा वर्षांनी, नगराला वेढा पडलेला असताना, पहारेकऱ्यांच्या चौकात. यिर्मया कैदेत आहे आणि अनाथोथचं एक शेत 17 शेकेल रुप्याला विकत घेतोय, साधारण 200 ग्रॅम चांदी. ते शेत तेव्हा शत्रूच्या ताब्यात. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. त्या मातीच्या मडक्यात घालून ठेवायचं काम बारूखकडे आलं, म्हणजे पुष्कळ दिवस टिकाव्यात. दुसऱ्याचं शेत, दुसऱ्याचं खत, आणि ते उघडायला दोघांपैकी कोणीही राहणार नव्हतं. तो व्यवहार 32 व्या अध्यायात आहे. पुढच्या रविवारी आपण तोच घेऊ, दुसरा अध्याय आणखी एक आठवडा थांबेल. येताना तो अध्याय वाचून या. आणि आज हॉल साडेआठपर्यंत आपला आहे, म्हणून ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी बसून राहा.